बिबीजान खालाचा तळहात

आमच्या गल्लीत बिबीजान खाला समोरून येताना दिसली की पोरं तोंड मिटून घ्यायची. सलाम करायचा तो नुसत्या मानेनं. तोंड उघडलं की सापडलं. खाला जवळ यायची, नळाखाली हात धरावा तसा उजवा तळहात पोराच्या हनुवटीखाली धरायची आणि एकच शब्द बोलायची.

"थू."

आता बघा, गालात मावा आहे. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं मळून नुकतं कुठं रंगात आलेलं. समोर साठीची बाई, डोक्यावर पदर, आणि तिच्या हातात थुंकायचं. शिव्या द्या, कानाखाली मारा, पोलीस बोलवा, आमची पोरं कशालाच भीत नाहीत. पण म्हातारीच्या तळहातावर थुंकायची कुणाची छाती झाली नव्हती. मग दोनच वाटा. एक, गटारीपर्यंत पळायचं. दुसरी, गिळायचं.

सोहेबनं गिळला होता. सोहेब म्हणजे खालाच्या समोरच्या घरातला, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, केसांवर रोज अर्धा तास घालवणारा. मावा पोटात गेला तसा त्याला घाम फुटला, उचक्या लागल्या, पायरीवर आडवा झाला. खालानंच साखरपाणी करून पाजलं. पेला परत घेताना म्हणाली, "खिशात आनि हाय का रे बाबा? का संपला?"

सोहेबनं मुकाट्यानं पुडी काढून दिली. खालानं ती मोरीत रिकामी केली आणि परत चादरीच्या दशांना गाठी मारायला बसली. तिचं काम ते. कारखान्यातून चादरींचे गठ्ठे घरी यायचे, ती दोन्ही टोकांच्या सुट्या दोऱ्यांना गाठी मारून द्यायची. बोटं इतकी झरझर चालायची की बघणाऱ्याला गाठ पडलेली दिसायची, पडताना दिसायची नाही. डाव्या हाताचं पहिलं बोट कायम काळपट. मी इतकी वर्षं समजत होतो, सुताचा रंग लागतोय.

हे मी ऐकीव लिहीत नाही. त्या तळहातापुढं मी स्वतः उभा राहिलोय. तेही गिऱ्हाईक म्हणून नाही, दुकानदार म्हणून. कॉलेजच्या कोपऱ्यावर माझी टपरी होती. इंद्रजीतचा मावा म्हटलं की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कामगार सायकल वाकडी करून यायचे, कॉलेजची पोरं तास बुडवून यायची. शाळा मी नववीत सोडली, पण प्लास्टिकच्या कागदात मावा घोळताना माझी बोटं कुणाला दिसायची नाहीत. गर्व होता मला त्याचा. अजून आहे, खोटं कशाला बोलू.

खालाचे मालक चांदसाब सुताचा टेम्पो चालवायचे. रोज माझ्याकडचे दोन मावे, मग चार. मग गालाला आतून जखम झाली, तोंड एका बोटाच्या वर उघडेना, आणि दीड वर्षात माणूस गेला. शेवटी शेवटी त्यांना थुंकताही येत नव्हतं. खाला तोंडाखाली हात धरायची. तिथून तो तळहात आला.

नवऱ्यामागं घरात बसायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी खाला माझ्या टपरीपुढं येऊन उभी राहिली.

"खाला, धंद्याची वेळ हाय. जरा बाजूला व्हा की."

"हूं की. चांदसाब सांगायचे, इंदरचा हात लई चांगला हाय. म्हनलं, बघून यावं हात."

मी पुढचा मावा घोळायला घेतला. पण ती रोज यायला लागली. गिऱ्हाईकानं मावा तोंडात टाकला की हिचा तळहात पुढं. चौथ्या दिवशी माझं डोकं सटकलं आणि मी तिला अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. रस्ता थांबला. खालानं हात पदराला पुसला.

"दे, दे. चांदसाबला शेवटी शिवीबी देता येत न्हवती. तोंड हाय तवर तू देऊन घे."

त्यानंतर बावीस दिवस टपरी चालवली मी. तेविसाव्या दिवशी फळी खाली ओढली ती परत उघडली नाही. लोक म्हणतात खालानं मला सुधारलं. सुधारलं वगैरे काही नाही. मला रोज मावा घोळताना स्वतःची बोटं दिसायला लागली, एवढंच.

मग मी या कामात पडलो. कुणी शिकवलं नाही. कायदा स्वतः वाचला, शब्द अडला की उदयसिंह सरांना विचारला. सर आमच्याच कोपऱ्यावरच्या कॉलेजात शिकवतात, समाजसेवेची पोरं त्यांच्याकडं असतात. कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही म्हणून मी टेप घेऊन भर उन्हात रस्ता मोजला आणि सहा टपऱ्या हलवल्या. दोन ठिकाणी मार खाल्ला, एका ठिकाणी दिला. गल्लीच्या तोंडाशी एक शटर भाड्यानं घेतलं, आत टेबल, बाहेर पाटी: तंबाखूमुक्ती केंद्र. मुस्लिम वस्तीत बाहेरचे लोक येतात, भाषण देतात, फोटो काढतात, जातात. मी राहतो. मला सगळं माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

त्या समजुतीतून मी एक फॉर्म तयार केला. माझ्या हातानं, माझ्या डोक्यानं. तंबाखू खाता का? मावा, गुटखा, खैनी? बिडी, सिगारेट ओढता का? दिवसातून किती वेळा? गल्लीतल्या एकशे बारा घरांत मी आणि खाला फिरलो. मी पुरुषांना विचारायचो, खाला आत जाऊन बायकांना. बाहेर येऊन सांगायची, "लिव. न्हाई." पुढच्या घरी, "लिव. न्हाई." बायकांच्या रकान्यात मी एकशे बारा घरं 'नाही' लिहिलं. कॉलेजात सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं, आमच्या गल्लीतल्या बायका शंभर टक्के तंबाखूमुक्त. टाळ्या वाजल्या. खाला पहिल्या रांगेत बसली होती, तिनंही वाजवल्या.

खालाचं सगळं यास्मीनवर होतं. यास्मीन तिची नात. मुलगा-सून भिवंडीला लूमवर, पोरगी आजीजवळ वाढली. घरातली पहिली कॉलेजात गेलेली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. खाला दुसरं काही मागायची नाही. "ह्या घरातनं चांदसाबच्या वाटंनं परत कोन जायचं न्हाई. यास्मीन तर मुळीच न्हाई. तेवढं झालं की मी सुटले." हे ती इतक्या वेळा म्हणायची की मला ते भिंतीवरच्या घड्याळासारखं झालं होतं. टिकटिक चालू असते, आपण ऐकत नाही.

गेल्या मे महिन्याच्या शेवटाला कॉलेजात मोठा कार्यक्रम ठरला. पोरं तंबाखू सोडायची शपथ घेणार, आणि शपथ देणार बिबीजान खाला. तिच्या फोटोचे पोस्टर लागले. फोटोत तिचा तळहात पुढं. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी तोंड तपासणीचं शिबिर होतं. दातांच्या एक डॉक्टर बाई आल्या होत्या. पोरं तोंड उघडायला तयार नव्हती, म्हणून सर म्हणाले, "यास्मीन, तू बस आधी. म्हणजे बाकीचे बसतील."

यास्मीन हसत बसली. डॉक्टर बाईंनी बॅटरी मारली, तिचा खालचा ओठ उलटा केला आणि तसाच धरून ठेवला. जरा जास्तच वेळ.

"तंबाखू घेतेस?"

"अय्यो, नाही मॅडम! कधीच नाही."

"मिश्री?"

"मिश्री लावते की. दहावीत दाढ दुखत होती तेव्हापासून."

"दिवसातून किती वेळा?"

यास्मीन बोटांवर मोजायला लागली. एका हाताची संपली, दुसऱ्या हातावर गेली. लेक्चरच्या मधे पण जाते म्हणाली, नाहीतर डोकं जड होतं. डॉक्टर बाईंनी मला जवळ बोलावलं आणि तो ओठ दाखवला. आत, हिरडीला लागून, पांढरा चट्टा. दुधाची साय चिकटावी तसा.

माझं डोकं सटकलं. कुणावर? डॉक्टर बाईंवर. "मॅडम, मिश्री म्हणजे मंजन असतंय. तुम्हाला आमच्यातलं माहीत नाही."

त्या शांत होत्या. "कशाची करतात मिश्री?"

कशाची करतात? तंबाखूची करतात. मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई करायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची. त्या वासात मी लहानाचा मोठा झालो. माझ्याच टपरीवरून बायका भाजायची पत्ती न्यायच्या. पण ती डबी कायम मोरीत, साबणाशेजारी असायची. पानाच्या डब्यात नाही. मी सहा वर्षं तंबाखूच्या मागं हात धुऊन लागलो, आणि त्या मोरीतल्या डबीकडं माझी नजर कधी गेली नाही. आता हा अडाणीपणा म्हणायचा का दुसरं काही, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळत नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "घाबरू नका. लगेच बंद केली तर बरा व्हायची आशा आहे. चालू राहिली तर मी काही सांगू शकत नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि घरात अजून कोण लावतंय त्यालाही आणा."

घरात अजून कोण लावतंय. मी यास्मीनकडं बघितलं. ती आपल्या पायाकडं बघत होती.

"तुला कुणी दिली पहिल्यांदा?"

"दादीनं," ती म्हणाली.

आम्ही दोघं गल्लीत शिरलो तेव्हा दुपार होती आणि वास कोपऱ्यापासूनच येत होता. खाला दारात शेगडीवर तवा ठेवून बसली होती. तव्यावर तंबाखू. मला बघून म्हणाली, "ये इंदर. शपथेचं पाठ केलंय मी. म्हनून दाखवू?"

"खाला, ते काय भाजताय?"

"दिसत न्हाई का? मिश्री. गुरम्माची संपली, सकाळी मागून गेली."

"ती तंबाखू हाय."

"हौ. मग?"

हे 'मग' मी जन्मात विसरणार नाही. तिच्या तोंडावर चोरी नव्हती, लबाडी नव्हती. पाणी उकळतंय म्हटल्यावर 'मग?' म्हणावं तसं ते 'मग'.

मी ओठाचं सांगितलं, चट्ट्याचं सांगितलं. आवाज चढला माझा. शेजारची गुरम्मा कमरेवर हात ठेवून बाहेर आली. ती तेलुगू, तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात. "ओ इंद्रजीतभाऊ, म्हातारीवर कशाला ओरडायलाव? ते मंजन हाय की. आमी काय खातोय का ते? थुकतोय की!"

खालानं तवा खाली उतरवला. "इंदर, तुझा कागद आन."

"कशाला?"

"आन म्हनती ना! त्याच्यावर कुटं लिवलंय मिश्री, दाखव. खाता का, लिवलंय. वढता का, लिवलंय. मी काय खाती? काय वढती? एकशे बारा घरात तुझा कागद घेऊन फिरले, तवा सांगायचं हुतंस. आता पोरीच्या तोंडात बघून मला शिकवतो?"

उत्तर नसलं की मी जास्त ओरडतो. "अहो, चांदसाबला काय झालं ते विसरलात का?"

"चांदसाबला माव्यानं झालं. तुझ्या हातच्या." तिचा आवाज फाटला. "मिश्रीनं कुनाला काय झालंय? माझी अम्मा ऐंशी वर्षं जगली. पोरीची दाढ ठणकत हुती, रातभर रडायची, मी मायेनं लावली. मायेनं लावलेलं बाधत असतंय का?"

बोलता बोलता तिचा हात कनवटीला गेला. स्टीलची छोटी डबी. मी ती डबी ओळखली. चांदसाबची चुन्याची डबी. त्यांच्या माघारी तिनं आठवण म्हणून ठेवलेली, आणि मिश्री त्यात. डावं बोट डबीत गेलं, बोट तोंडात गेलं. राग आला की माणूस पाणी पितो तसं. तिला कळलंसुद्धा नाही.

यास्मीन इतका वेळ उंबऱ्याला टेकून उभी होती. ती पुढं आली. आजीसमोर बसली आणि उजवा तळहात आजीच्या हनुवटीखाली धरला.

"थू, दादी."

गुरम्माचे कमरेवरचे हात खाली आले. खाला त्या तळहाताकडं बघत राहिली. मोरी चार पावलांवर होती, उठून जाता आलं असतं. ती उठली नाही. नातीच्या हातात थुंकली नाही. तिनं गिळलं. घशातून ते खाली उतरताना मला दिसलं. मग उचकी लागली. एक, दुसरी. गुरम्मा साखरपाणी आणायला आत पळाली.

त्या दिवशी संध्याकाळी मला नेमकं काय करायचं ते उमजेना. सरांना सांगायचं? पोस्टर लागलेले. पोरं फक्त खालाला मानतात. तिचीच डबी निघाली तर उद्या एक पोरगा ऐकणार नाही. आणि नाही सांगायचं, तर आपण कुणाला फसवतोय? मी मनात ठरवलं, आधी कार्यक्रम उरकू, मग बघू. लिहायला लाज वाटते, पण ठरवलं खरं.

कार्यक्रमाच्या दिवशी खाला वेळेवर आली. नवी साडी, डोक्यावर पदर. पण स्टेजकडं जाईना. मला फाटकाशी बोलावून घेतलं.

"मी शपथ देत न्हाई. सकाळपासून तीन डाव लावलीय. खोटी पडंल."

"खाला, आजचा दिवस! पोस्टर लागलेत तुमचे!"

"ऱ्हाऊ दे की. फोटूत तोंड मिटलेलं हाय माझं."

ती मागच्या रांगेत जाऊन बसली. शपथ सरांनी दिली. पोरं हसत, एकमेकांना ढकलत घोकल्यासारखी म्हणाली. कार्यक्रम संपल्यावर सरांनी विचारलं, "इंद्रजीत, काय झालं?" मी सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "माझीही आई लावते." एवढंच.

दुसऱ्या दिवशी खालानं यास्मीनला सरकारी दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरांनी खालाचंही तोंड बघितलं. तिच्या हिरडीचा तुकडा तपासायला घेतला. निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत खालानं एकदाही विचारलं नाही की माझ्यात काय निघेल. रोज एकच, "पोरीचा चट्टा जाईल का रे?" तिचा निकाल आला, कॅन्सर नाही, पण सोडा. ती म्हणाली, "बरं. पोरीचं काय म्हनले?" सोडली तर फिकट होईल, तीन महिन्यांनी परत दाखवा, असं म्हणाले होते.

मग आम्ही दोघं परत घरोघर फिरलो. नवा फॉर्म, पहिला प्रश्न मिश्री. या खेपेला विचारायची गरजच नव्हती. खाला दाराबाहेरूनच सांगायची. "लिव, दोघी लावतात. हिला मीच दिली, बाळंतपनात पोट साफ हुईना तवा." पुढच्या घरी, "लिव. हिला दाढेसाठी." एकशे बारा घरांपैकी एकसष्ट घरांत मिश्री निघाली, आणि त्यातल्या किती घरांत ती खालाच्या तव्यावरून गेली होती हे तिनं मला लिहायला लावलं. मी म्हणालो, हे लिहायची जरूर नाही. ती म्हणाली, "मग कागद खोटा हुईल. पयला झाला तसा."

बायका बिथरल्या. गुरम्मा तर तोंडावर म्हणाली, "स्वता वाटली आनि आता बंद करा म्हनती! सकाळचं कसं व्हायचं गं आमचं? तू येऊन बसतीस का?" बायका हसल्या. खालाही हसली, पण तिची मान खाली होती.

पोरांनी त्याहून वाईट केलं. बातमी कळायला किती वेळ लागतो? चार दिवसांत गल्लीत मावे उघड्यावर निघाले. खाला आली की कुणी तोंड मिटेना. आणि सोहेब, तोच साखरपाणी प्यालेला सोहेब, चार पोरांसमोर खालाच्या हनुवटीखाली तळहात धरून म्हणाला, "खाला, थू!"

मी धावून गेलो, त्याची कॉलर धरली. खालानं माझा हात सोडवला. "सोड त्याला. बरोबर हाय त्याचं." आणि तशीच घरी गेली.

आता मला सांगा, खरं बोलून काय मिळालं? खोटं होतं तेव्हा पोरं भीत होती, थोडीफार सोडत होती. खरं झालं आणि पोरं सुटली. मग खरं बोलायचंच नाही का? मी कितीदा विचार केला. प्रत्येक वेळी एक टोक हातात येतं, दुसरं निसटतं.

इकडं आजी-नातीचं वेगळंच चाललेलं. दोघींनी ठरवलं, एकमेकींची डबी एकमेकींकडं ठेवायची. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी यास्मीननं खालाच्या डबीतली लावली आणि खालानं यास्मीनच्या. दोघींनी एकमेकींना पकडलं, भांडल्या, रडल्या आणि दोघी मिळून माझ्या केंद्रात आल्या. टेबलावर दोन डब्या ठेवल्या. एक चांदसाबची स्टीलची, एक बामची काचेची.

"तू ठेव," खाला म्हणाली. "आमचा एकमेकीवर भरोसा न्हाई."

मी डब्या उचलल्या आणि गटारीकडं निघालो. खाला मागून ओरडली, "फेकू नक्को!"

"मग काय करू? आरती ओवाळू?"

"फेकलीस तर मी घरी जाऊन नवी भाजीन. तवा हाय, हात हाय. ती तुझ्याकडं हाय, एवढं ठाऊक असलं की मन ऱ्हातंय. कळलं का?"

कळलं नाही. अजून नीट कळलेलं नाही. पण डब्या मी खणात ठेवल्या. बाहेर पाटी तंबाखूमुक्ती केंद्र आणि आत खणात दोन डब्या मिश्री. पाहुणे आले की माझा जीव त्या खणात.

खाला रोज यायची. सकाळी एकदा, चादरी पोचवून आली की एकदा. "हाय ना रे?" मी खण उघडून दाखवायचो. ती लांबून बघायची आणि जायची. कधी डोकं फडक्यानं बांधलेलं असायचं. एक दिवस म्हणाली, पाच दिवस पोट साफ नाही. एक दिवस चादरीच्या गाठी चुकल्या म्हणून कारखान्यातून गठ्ठा परत आला, त्या गाठी सोडवत माझ्याच दारात बसली. यास्मीन पण यायची. महिनाभर आली आणि मग यायची बंद झाली. सुटली म्हणून, का कॉलेजात दुसरी डबी केली म्हणून? मी खालाला विचारलं. ती म्हणाली, "रोज सकाळी तिचं बोट बघती. साफ हाय." पण मिश्री काय फक्त बोटानंच लावतात?

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी यास्मीनचा ओठ उलटा केला. खालानं डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, "फिकट झालाय. कमी आहे." खालानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न माझ्याकडं बघून विचारला, "कमी म्हंजे गेला का?" मी "जातोय," म्हटलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी खाला केंद्रात आली, खण बघून निघाली. दाराशी सोहेब आणि त्याचे दोघं मित्र उभे. गालात मावा, बोलणं बोबडं. सोहेबनं आतली डबी बघितली होती. "वा! तंबाखूमुक्ती केंद्रात मिश्री! इंदरभाई, टपरी परत चालू केली काय?" पोरं हसली. मग त्यानं खालासमोर तळहात धरला. "खाला, थू!"

मी टेबलामागून उठलो. खालानं मला हातानंच थांबवलं. ती सोहेबच्या तळहाताकडं बघत राहिली, पदर नीट केला, वाकली आणि त्याच्या हातात थुंकली.

पोरगं दगड झालं. हातावर थुंकी. पांढरी, स्वच्छ, पाण्यासारखी.

"बघ," खाला म्हणाली. "नीट बघ. दोनदा मोडलं, परत धरलं. आज अठरावा दिवस." मग आपला तळहात, तोच तो, सोहेबच्या हनुवटीखाली धरला. "आता तू."

सोहेबचे मित्र मागं सरकले. सोहेबच्या कानापर्यंत रक्त चढलं. एक हात म्हातारीच्या थुंकीनं ओला, तो झटकताही येईना, पुसताही येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मदत केली नाही. मग तो वळला, गटारीपर्यंत गेला आणि ओकल्यासारखा सगळा मावा थुंकला. परत आला नाही. पण त्याची पुडी आमच्या पायरीवर पडलेली होती. पडली का ठेवली, देव जाणे.

खाला खाली बसली. तिच्या कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "खाला, जिंकलात तुम्ही."

"काय जिंकली?" ती म्हणाली. "सकाळपासून त्या डबीशिवाय दुसरं काय डोक्यात न्हाई माझ्या. उद्या त्यानं हात धरला तर उद्याबी साफ असायला पायजे. परवाबी. रोज असायला पायजे." तिनं बोट दाखवलं. डाव्या हाताचं पहिलं बोट. काळेपणा नखाच्या कडेला थोडा उरला होता. "हे कधी जातंय रे?"

मी खण उघडला, चांदसाबची डबी आहे हे तिला दाखवलं आणि खण बंद केला. ती उठली. यास्मीनची कॉलेजातून यायची वेळ झाली होती, तिचं बोट बघायचं होतं.